तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फार्गो’ खरंच घडलं होतं का?

‘फार्गो’ पाहिलेला जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि त्यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. पैशाच्या अडचणीतला गाड्यांचा विक्रेता जेरी लुंडेगार्ड श्रीमंत सासऱ्याकडून खंडणी उकळण्यासाठी दोन गुंडांकरवी स्वतःच्याच बायकोचं अपहरण करवतो, ही १९९६च्या या सिनेमाची गोष्ट. त्याची सुरुवातच एका पाटीने होते. ही सत्यकथा आहे, घटना १९८७ साली मिनेसोटात घडल्या, वाचलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत, आणि मृतांचा मान राखून बाकी सगळं जसं घडलं तसंच सांगितलं आहे. इतक्या गंभीरपणे सांगितल्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

तर उत्तर: नाही, असं काही घडलं नव्हतं. गोष्ट जोएल आणि ईथन कोएन या भावांनी रचलेली आहे. श्रेयनामावली अगदी शेवटपर्यंत पाहिलीत तर पात्रं काल्पनिक असल्याची नेहमीची ओळही सापडेल. खऱ्या गोष्टी दोनच, आणि त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. एक म्हणजे गाड्यांच्या नंबरांत फेरफार करून जनरल मोटर्सच्या कर्ज देणाऱ्या कंपनीला गंडवणारा माणूस. दुसरी म्हणजे कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउनमधला १९८६चा खून. तिथे एका वैमानिकाने बायकोला मारून तिच्या प्रेताची विल्हेवाट लाकडाचा भुसा करणाऱ्या यंत्रातून लावली होती. बाकी अपहरण, सासरा, गरोदर पोलीसप्रमुख, सगळं या दोघांच्या डोक्यातलं.

मग पाटी कशासाठी? जोएल यांनी मुलाखतींत याचं कारण सांगितलंय. गोष्ट खरी आहे असं प्रेक्षकाला वाटलं की एरवी त्याने चालवून घेतल्या नसत्या अशा गोष्टी करायची मोकळीक मिळते. ही मोकळीक त्यांनी कुठे वापरली ते पाहिलं, की ती पाटी म्हणजे पटकथेचाच एक भाग आहे हे लक्षात येतं.

पहिली जागा म्हणजे नायिकेचा प्रवेश. सिनेमा ९८ मिनिटांचा, आणि ती गरोदर पोलीसप्रमुख, मार्ज गंडरसन, पहिल्यांदा दिसते ती साधारण तेहतिसाव्या मिनिटाला. तोवर अपहरण झालेलं असतं, रस्त्यावर तीन मुडदे पडलेले असतात. बेतलेल्या गुन्हेकथेत एवढा वेळ बिननायकाचं बसायला प्रेक्षक कुरकुरतो. इथे तो मुकाट्याने बसतो, कारण खऱ्या प्रकरणात पोलीस गुन्ह्यानंतरच येणार.

दुसरी जागा माइक यानागिता. शाळेतला जुना ओळखीचा हा माणूस मार्जला हॉटेलात भेटतो, बायको रक्ताच्या कर्करोगाने गेली म्हणून रडतो. तपासाशी याचा काडीचा संबंध दिसत नाही. पुढे एका मैत्रिणीशी फोनवर बोलताना मार्जला कळतं की ते सगळं खोटं होतं; त्या बाईशी त्याचं लग्नच झालं नव्हतं. यानंतर मार्ज जेरी लुंडेगार्डच्या गाड्यांच्या शोरूममध्ये परत जाते. साधा, रडवेला चेहराही बेमालूम खोटं बोलू शकतो हे तिला नुकतंच दिसलेलं असतं. सिनेमा हे कुणाच्याही तोंडून वदवून घेत नाही. मला हा पटकथेतला सर्वांत धीट प्रसंग वाटतो.

पण नुसत्या पाटीवर भागत नाही. खरेपणाचा आव प्रत्येक चौकटीत टिकवावा लागतो. म्हणून छायाचित्रकार रॉजर डीकिन्स यांनी कॅमेरा शांत ठेवला. या भावांच्या आधीच्या सिनेमांत कॅमेरा धावायचा, चेहऱ्यांना जाऊन भिडायचा. इथे तो बराचसा लांबून बघत राहतो. सासऱ्याने जेरीचा पैशाचा बेत मोडल्यावरचा प्रसंग पाहा. वरून दिसणारं पांढरंशुभ्र वाहनतळ, त्यात एकच गाडी, तिच्याकडे चालत जाणारा एक ठिपका. मग जेरी काचेवरचा बर्फ खरवडायला लागतो, मध्येच संतापून हातातली खरवडणी आपटतो, आणि थोड्या वेळाने निमूटपणे पुन्हा खरवडायला लागतो. संवाद एकही नाही.

हे पांढरेपण फुकट मिळालेलं नाही. १९९५च्या हिवाळ्यात मिनियापोलिसच्या आसपास पुरेसा बर्फच पडला नाही. कृत्रिम बर्फ वापरावा लागला, आणि युनिटला उत्तरेकडे, नॉर्थ डकोटापर्यंत जावं लागलं. शिवाय बर्फ असून भागत नाही, आभाळही भरलेलं लागतं. ऊन पडलं की क्षितिजाची रेघ उमटते आणि जमीन-आभाळ एक झाल्याचा भास मोडतो. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरात घडणारा प्रसंग तर एकच, सुरुवातीचा बारमधला, आणि तोही मिनियापोलिसमध्ये चित्रित झालेला आहे.

बोलण्याचंही तसंच. जेरी झालेल्या विल्यम एच. मेसी यांचं अडखळणं, वाक्य अर्ध्यात सोडणं ऐकून वाटतं की नट आयत्या वेळी सुचेल तसं बोलतोय. मेसी यांनी स्वतः सांगितलंय की ते अडखळणं पटकथेत जसंच्या तसं लिहिलेलं होतं. लोकांच्या बोलण्यातला तो हेलही या भावांना परका नव्हता; दोघं मिनियापोलिसच्या सेंट लुईस पार्क या उपनगरात वाढलेले.

विनोद कुठून येतो, हे पाहायचं तर पैशाचा हिशेब मांडा. जेरी गुंडांना सांगतो की खंडणी ८०,००० डॉलर, निम्मे तुमचे, वर एक नवी गाडी. सासऱ्याला सांगतो १० लाख. मधले सगळे स्वतःच्या खिशात. दोन गुंडांपैकी कार्लला बॅगेत १० लाख सापडतात. तो ८०,००० बाजूला काढून बाकीचे एका कुंपणाशी बर्फात पुरतो. मग डावीकडे बघतो, तसेच खांब. उजवीकडे बघतो, तेच खांब. शेवटी खूण म्हणून काच खरवडायची ती खरवडणीच बर्फात खोचतो. एवढं घबाड पुरून आल्यावर साथीदाराशी त्याचं भांडण होतं ते गाडीच्या अर्ध्या किमतीवरून, आणि त्यातच त्याचा जीव जातो. हावेपोटी माणसं किती क्षुल्लक गोष्टीवर अडून बसतात, हे इतकं नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल.

याच प्रश्नाला जोडून ‘दोघांपैकी दिग्दर्शक कोण?’ असंही विचारलं जातं. पडद्यावर दिग्दर्शक जोएल आणि निर्माता ईथन असं दिसतं, पण प्रत्यक्षात दोन्ही कामं दोघं मिळून करत. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम एका सिनेमाला एकच दिग्दर्शक असा आहे, पण त्यातून सूट मिळू शकते. २००४पासून दोघांची नावं एकत्र येऊ लागली. संकलक म्हणून झळकणारे रॉडरिक जेन्स तर अस्तित्वातच नाहीत. ते या भावांनी घेतलेलं टोपणनाव, आणि ‘फार्गो’साठी त्याच नावाला संकलनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. प्रत्यक्ष ऑस्कर दोन मिळाली: मूळ पटकथेसाठी दोघा भावांना, आणि मार्जच्या भूमिकेसाठी फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांना.

पुन्हा पाहणार असाल तर एक करा. जेरी आणि कर्ज कंपनीचा माणूस यांच्यातलं फोनवरचं बोलणं सबटायटल बंद करून ऐका. कर्ज ३,२०,००० डॉलरचं, आणि ते ज्या गाड्यांवर उचललंय त्यांचे फॅक्स केलेले नंबर वाचता येत नाहीत अशी त्या माणसाची तक्रार. जेरी प्रत्येक उत्तर गोड आवाजात देतो आणि दर वाक्याला थोडा आणखी अडकत जातो. सबटायटलमध्ये शब्द तेवढे येतात, हेल आणि मधले श्वास गळून जातात, आणि या प्रसंगाची सगळी गंमत त्यांच्यातच आहे.