बाग दोन वर्षांत जुनी का होते?

सार्वजनिक उद्यानांच्या देखभालीचं काम करते असं कुणाला कळलं, की पाच मिनिटांच्या आत हा प्रश्न येतोच: "नवी झाली तेव्हा काय सुंदर होती हो बाग! दोन वर्षांत अशी कळा कशी आली?" स्वरात अर्धं कुतूहल असतं, अर्धा आरोप. पूर्वी मी लगेच ठरलेली तीन कारणं पुढे करायचे. माणसं कमी, निधी कमी, लोकांना शिस्त नाही. तिन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्यावर भागवणं म्हणजे वेळ मारून नेणं. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

उद्घाटनाच्या दिवशी दिसते ती बाग त्या जागेवर वाढलेली नसते. झाडं रोपवाटिकेत कुणीतरी दोन-तीन वर्षं पोसलेली असतात. लॉन दुसरीकडे उगवून सतरंजीसारखी गुंडाळून आणलेली असते. फुलझाडं ऐन बहरात असताना आदल्या आठवड्यात कुंडीतून मातीत बसवलेली असतात. पहिलं वर्ष सगळी मंडळी रोपवाटिकेतून आणलेल्या शिदोरीवर काढतात. शिदोरी संपते तेव्हा त्यांना पहिल्यांदा त्या जागेची खरी माती, खरं पाणी आणि खरी माणसं भेटतात.

त्यात उद्घाटनाला बाग भरलेली दिसायला हवी असते. जे झुडूप वाढून मीटरभर पसरणार, ते फूटभर अंतरावर लावतात. चौरस मीटरला एक पुरलं असतं तिथे दहा-अकरा बसतात. फोटो झकास येतात. दुसऱ्या वर्षी ही सगळी उजेडासाठी एकमेकांच्या डोक्यावरून वर चढायला लागतात, खालून उघडी पडतात, मधली मरतात आणि वाफ्यात भगदाडं दिसायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, पाणी घातलं नाही. वेळीच निम्मी काढली असती तर उरलेली डवरली असती. मी एका बागेत तसं करायला घेतलं, तर दुपारपर्यंत माझ्याविरुद्ध तक्रार पोचली होती: जिवंत झाडं उपटून टाकणारी बाई.

पैशाचं म्हणाल तर तो कमी असतो त्याहून जास्त वेगळ्या खिशात असतो. अंदाजपत्रकात बाग उभारायला भांडवली खर्चाचं शीर्ष, म्हणजे एकदाच होणाऱ्या बांधणीचा खिसा, आणि सांभाळायला महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाचा. पहिल्या खिशातून नवी बाग झाली की दुसऱ्या खिशावरचं ओझं वाढतं, पण तो खिसा त्याच दिवशी कुणी मोठा करत नाही. ठेकेदाराच्या जबाबदारीची मुदत संपेपर्यंत त्याची माणसं असतात. आणि ती मुदत संपते नेमकी तुमच्या त्या "दोन वर्षां"च्या आसपास.

आमच्याच खात्यात याला एक अपवाद आहे, जलतरण तलाव. तलाव "बांधून झाला" असं कुणी म्हणत नाही. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा लागतो, क्लोरीन रोज तपासावं लागतं, आणि दोन-तीन दिवस दुर्लक्ष झालं तर उन्हात पाणी हिरवं होऊन सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. म्हणून तलावाला माणूस मिळतो, रसायन मिळतं, पंपाचा सुटा भागही मिळतो. झाडाचं दुर्लक्ष तीन वर्षांनी दिसतं. तोवर अधिकारी बदललेला असतो, ठेकेदार बदललेला असतो आणि खरं म्हणजे मीही बदलून दुसऱ्या विभागात गेलेली असते.

हे तीन वर्षांनी दिसणारं दुर्लक्ष कसं असतं, ते दाखवते. मोठ्या सावलीच्या झाडाखालचं बाक आठवा. सगळ्यांची लाडकी जागा. लोक बसतात, मुलं खेळतात, पायाखालची माती रोज थोडी थोडी दाबली जाते. चांगल्या मातीचं निम्मं आकारमान पोकळीचं असतं, त्यात काही पाणी आणि काही हवा. ही पोकळी पायांनी मिटते. पाऊस येतो तो आत न मुरता वाहून जातो, मुळांना हवा मिळत नाही. झाडाची पाणी पिणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, म्हणजे नेमकी ह्याच थरात. झाड लगेच काही बोलत नाही. आधी पानं लहान येतात, मग शेंड्याकडच्या फांद्या वाळतात. तेव्हा कुणीतरी "झाड धोकादायक झालंय, तोडा" म्हणून अर्ज देतं, बहुधा त्याच बाकावर बसून लिहिलेला.

माझ्या पिशवीत एक लांब स्क्रू-ड्रायव्हर असतो. ओल्या जमिनीत तो हाताने दाबून बघते. बागेच्या कडेला मुठीपर्यंत जातो, बाकासमोर दोन बोटंही जात नाही. मोठ्या उपकरणांनी मातीची चाचणी करायला ना वेळ असतो ना परवानगी, पण ह्या स्क्रू-ड्रायव्हरने मला कागदावरच्या अहवालांपेक्षा जास्त शिकवलंय. उपाय साधा आहे: बाक फरसबंदीच्या कडेला सरकवायचं आणि झाडाखाली पालापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर टाकायचा, बुंध्याला न चिकटवता. पाचोळा कुजतो, गांडुळं येतात, माती हळूहळू पुन्हा श्वास घ्यायला लागते. अडचण एवढीच, की पाचोळ्याचा थर म्हणजे लोकांच्या लेखी कचरा. "झाडाखाली झाडत नाहीत" ही तक्रार मला जितक्या वेळा आलीये, तितक्या वेळा "झाडाखालची माती कडक झालीये" ही एकदाही नाही. आमचेच झाडूवाले तो थर दोनदा गोळा करून घेऊन गेले होते.

आता माझी स्वतःची चूक. एका बागेत रांगेने लावलेली तरुण झाडं दुसऱ्या वर्षी एकेक करून मरायला लागली. मी माळ्यांवर चिडले, पाणी वाढवायला लावलं, आळी मोठी करून घेतली. तरी मरणं थांबेना. शेवटी एक मेलेलं झाड उपटून आणायला सांगितलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. बुंध्याला, जमिनीपासून चार बोटं वर, साल गोलाकार खरवडलेली. जशी काही कुणी बांगडी काढून घेतली असावी. गवत कापायच्या ब्रशकटरची नायलॉनची दोरी. कापणारा बुंध्याजवळचं गवतही साफ दिसावं म्हणून दोरी अगदी खेटून फिरवत होता, दर पंधरा दिवसांनी. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. तो थर चहूबाजूंनी तुटला की मुळं उपाशी मरतात, वरून कितीही पाणी ओता. आणि तो माणूस काही हयगय करत नव्हता. त्याला "गवत स्वच्छ दिसलं पाहिजे" असं सांगितलं होतं, मीच. त्यानंतर प्रत्येक लहान झाडाभोवती हातभर रुंदीचं आळं गवताशिवाय ठेवायचं, म्हणजे मशीन जवळ न्यायची गरजच पडू नये, असं ठरवलं. पाणी वाढवून न वाचलेली झाडं त्या खुरप्याच्या कामाने वाचली.

ह्या प्रकरणात मला आणखी एक गोष्ट उमगली. आमच्याकडे तेव्हा टोळीची पद्धत होती. दहा-बारा माणसं मंगळवारी एका बागेत उतरायची, सगळं उरकायची आणि पुढच्या बागेत जायची. पुन्हा फेरी यायला दहा दिवस. ठिबकणारा नळ दहा दिवस ठिबकायचा, कारण तो कुणाचाच नव्हता. मरणारं झाडही कुणाचंच नव्हतं.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची १९७० च्या दशकात अशीच दशा झाली होती. शीप मेडो हे तिथलं प्रसिद्ध कुरण धुळीचं मैदान झालं होतं. १९८० मध्ये सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही उद्यान सांभाळणारी ना-नफा संस्था स्थापन झाली आणि पुढच्या काळात ते उद्यान सावरलं. त्यात देणग्यांचा वाटा मोठा होता, आणि तसा पैसा सगळ्यांना मिळत नाही. पण त्यांची दुसरी गोष्ट उचलायला पैसा लागत नाही. त्यांनी उद्यानाचे ४९ तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला जबाबदार असा एकेक माळी नेमला. आम्ही हे आमच्या लहानशा मापात करून पाहिलं, मोजून चार बागांत. मोठी कामं टोळीकडेच ठेवली, पण प्रत्येक तुकड्याला एक माणूस दिला. काही महिन्यांनी मी एका नळाला हात लावला तर मागून आवाज आला, "मॅडम, तो जोरात नका फिरवू, वायसर कालच बदललाय." असं वाक्य मी टोळीच्या काळात ऐकलं नव्हतं.

खेळाच्या साधनांचं मात्र नुसत्या मायेवर भागत नाही, तिथे वही लागते. झोपाळा रंग मारला की नवा दिसतो. पण झिजतो तो वर, आडव्या दांड्याला कडी अडकते तिथे, धातूवर धातू घासून. खालून बघणाऱ्या आईबापांना ते दिसत नाही, रंगाऱ्याला तर नाहीच. उलट तो भेगांवरही छान हात मारून जातो. म्हणून शिडी लावून, झोपाळा हाताने उचलून, कडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवावं लागतं. तिसरा हिस्सा झिजला की बदलायची, हा आमचा नियम. युरोपातल्या ईएन ११७६ ह्या मानकात तपासणीचे तीन स्तर सांगितलेत: नुसत्या नजरेची वारंवार, कामकाजाची एक ते तीन महिन्यांनी आणि मुख्य तपासणी वर्षातून एकदा. त्याच मानकात फटींचंही माप आहे. साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची बंदिस्त फट वाईट, कारण लहान मुलाचं धड तिच्यातून पाय पुढे करून निघून जातं आणि डोकं अडकतं. कठड्याचा एक गज निखळला की नेमकी अशी फट तयार होते. आपल्याला वाटतं, एकच तर गज गेलाय.

आणि वाळू. मैदानावरच्या गंभीर इजा बहुतेक पडण्याने होतात, म्हणून खाली फूटभर वाळू असायला हवी. ती असतेही, पण झोपाळ्याच्या बरोबर खाली मुलं पाय घासून खळगा करतात. सगळी वाळू कडेला, आणि पडायची जागा टणक. दररोज सकाळी फावड्याने ती परत ओढून घेणं हे बागेतलं सगळ्यात कमी प्रतिष्ठेचं काम असेल, पण मला एकच काम ठेवायला सांगितलं तर मी तेच ठेवीन.

यातलं बरंचसं आराखड्याच्या टेबलावरच ठरून गेलेलं असतं. नकाशावर हिरवा रंग भरायला काही लागत नाही, म्हणून उरलेल्या जागेत लॉन ओतून मोकळे होतात. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. कडक उन्हात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर एकरभर लॉनला रोज वीस हजार लिटर. हा हिशेब मंजुरीच्या बैठकीत कुणी मांडत नाही. मग तीन मीटर अंतरात एक मीटरपेक्षा तीव्र उतार देतात, तिथे कापणीयंत्र सुरक्षित चालत नाही. लॉनला टोकदार कोपरे काढतात, तिथे यंत्र वळत नाही. प्रसाधनगृह असतं, पण त्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत शिडी जात नाही. आणि गेली कित्येक वर्षं मी नव्या आराखड्यात पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते, माळ्याची खोली. अवजारं ठेवायला, कपडे बदलायला, सावलीत बसायला. बहुतेक वेळा ती नसतेच. कारंजं असतं.

इतकं ऐकून घेतलेला माणूस शेवटी विचारतो, "मग आम्ही काय करायचं? तक्रार केली तर कुणी दखल घेतं का?" घेतात, पण तक्रारीवर बरंच अवलंबून असतं. "बागेची दुरवस्था झाली आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी" हा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चांगला वर्षभर फिरू शकतो, कारण त्यात कुणी काय उचलून कुठे न्यायचं ते लिहिलेलं नसतं. मागच्या महिन्यात एका आजोबांनी मला वहीच्या अर्ध्या पानावर लिहून दिलं: पूर्वेच्या फाटकातून आत आल्यावर तिसरा झोपाळा, डावी साखळी, वरची कडी, मुलगा बसला की कर्रकर्र वाजते. मी त्या दुपारी शिडी घेऊन माणूस पाठवला. कडी निम्म्याहून जास्त झिजली होती. ती अजून माझ्या टेबलावर आहे, नव्या माणसाला दाखवायला.