चार दिवसांचा सोबती

मे महिन्यात बडोद्यातल्या पशुवैद्याकडे धापा टाकणारे पग आणि उन्हाने भोवळ येऊन पडलेली कबुतरे यायचीच. त्या गर्दीत दांडिया बाजारातले एक काका झाकणाची बादली घेऊन आले. आत वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी ॲक्सोलॉटल होता, म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा सलामँडर, बेडकासारखाच उभयचर पण शेपटीचा. नातवाने हौसेने आणलेला. नातू शिकायला कॅनडाला गेला आणि टाकी आजोबांच्या गळ्यात पडली. "आठवडाभर काही खात नाही, डॉक्टर. चार दिवसांचा सोबती दिसतो. निदान हाल होऊ नयेत, एवढं बघा," असे ते म्हणाले.

या प्राण्याची प्रकृती आधी कल्ल्यांवरून ओळखावी लागते. निरोगी ॲक्सोलॉटलचे कल्ले डोक्याच्या दोन्ही बाजूंना मागे फुललेले असतात. याचे पुढे वळले होते, त्यांची झालर विरळ झाली होती आणि शेपटीचे टोक आकड्यासारखे मुडपले होते. बादलीतल्या पाण्याचे तापमान ३१ अंश निघाले. मूळचा हा मेक्सिको सिटीजवळच्या, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या सोचिमिल्को तलावातला. त्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते आणि २४ च्या वर गेले की अन्न सुटते, रोगप्रतिकारशक्ती ढासळते. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. जाळीत कल्ले अडकून फाटतात, म्हणून ओल्या हातांनीच उचलून एक्स-रे काढला. याच्या सांगाड्यात कूर्चाच बरीच असल्याने चित्र पुसट आले; पोटातले खडे मात्र लख्ख पांढरे दिसत होते. हा प्राणी तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो आणि भक्ष्याशेजारी जे असेल तेही गिळतो. हे ठाऊक असूनही दुकानदार त्याच्याबरोबर रंगीत खडीची पिशवी विकतात, याचा मला दर वेळी नव्याने संताप येतो.

माझ्या एका सहकाऱ्याने लगेच ऑपरेशनचा आग्रह धरला. टाके घालण्याची हौस काहींना भारीच असते. खडे पुढे सरकण्याजोगे लहान होते, म्हणून मी थांबायचे ठरवले. पाण्यात थेट बर्फ टाकला तर प्राणी धक्क्यानेच जाऊ शकतो. त्यामुळे गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीने सोडत तासाला जेमतेम अंशभर, असे तापमान उतरवत नेले आणि खाणे पूर्ण बंद ठेवले. खडे एकेक करून बाहेर पडले. पुढे त्याने गांडुळाचा तुकडा माझ्या चिमट्यातून हिसकावून घेतला, तेव्हा काका प्रथमच हसले.

त्यानंतर त्यांनी विचारले, "आता किती जगेल हा?" तीन वर्षांचा होता. मी सांगितले, नीट ठेवला तर एकूण दहा ते पंधरा वर्षे सहज. त्याच्या जातभाईंमध्ये हे काही फार नव्हे. युरोपातला अग्नी-सलामँडर पाळलेल्या अवस्थेत वीस वर्षे ओलांडतो. जपानहून हॉलंडला नेलेला एक महाकाय सलामँडर १८८१ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला, तेव्हा त्याच्या बंदिवासाला पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. गुहेत राहणारा ओल्म तर भरतो अवघा वीसेक ग्रॅम, पण २०१० च्या एका अभ्यासाने त्याचे सरासरी आयुष्य ६८ वर्षांच्या आसपास आणि कमाल शंभराहून अधिक मांडले. मंद चयापचयामुळे हे होत असावे हा सोपा तर्कही त्या अभ्यासात टिकला नाही.

काका माझ्याकडे न पाहता बादलीकडे पाहत होते. "मला एकाहत्तरावं चालू आहे," एवढेच म्हणाले. मग, "सुरसागर तलावात सोडला तर?" तिथल्या कोमट पाण्यात तो दोन दिवसही काढणार नाही, आणि परदेशी प्राणी आपल्या पाण्यात सोडणे मुळातच गैर आहे, हे मी समजावले.

"काढेल वर्ष-दोन वर्षे" असे सांगितले असते तर ते हलक्या मनाने घरी गेले असते, हे मला कळत होते. दुकानदार नेमके तेच सांगतो आणि चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड ठेवणारे यंत्र, घ्यायला सुचवत नाही; मग त्याचे खोटे बडोद्याचा उन्हाळा खरे करून दाखवतो. ज्या घरांत हे प्राणी दोन वर्षांत मेले, तिथे आयुष्यच तेवढे होते अशी समजूत झाली आहे आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकवली जाते. माझे खरे उत्तर प्राण्याच्या बाजूचे होते. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर ते किती जड पडले, याचा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट महागाचा चिलर काकांनी घेतला. नंतर ते नोंदणीचे विचारायला आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या या प्राण्यांचा ताबा २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो; हस्तांतर आणि मृत्यूही कळवावे लागतात. नाव कोणाचे घालायचे, आपले की नातवाचे, हा त्यांचा प्रश्न होता. ताबा ज्याच्याकडे आहे त्याचे, असे मी म्हणालो. त्यांनी स्वतःचे नाव घातले आणि हस्तांतराला काय काय कागद लागतात, तेही त्याच बैठकीत लिहून घेतले.