लांबलचक शुक्रवार

नॉर्वेत गुड फ्रायडेला ‘लांगफ्रेदाग’ म्हणतात, म्हणजे लांब शुक्रवार. किती लांब, ते मला 2023 च्या एप्रिलात ट्रोम्सोला कळलं.

मावसबहीण तिथे नर्स आहे. मी गुरुवारी सकाळी पोचलो आणि ती ड्युटीवर गेली. फ्रिजमध्ये दूध, अंडी आणि पिवळ्या मेणबत्त्यांचं पाकीट (फ्रिजमध्ये का, विचारू नका). म्हटलं, खाली जाऊन काहीतरी आणू. दुकान बंद. पुढचंही बंद. ईस्टरच्या आधीचा गुरुवार, शुक्रवार, मग रविवार आणि सोमवार, सगळी सुट्टी. मधल्या शनिवारी दुकानं उघडतात, तीही लवकर मिटतात. बाईसाहेबांनी हे फोनवर सांगायला काय हरकत होती?

शुक्रवारी दुपारी पेट्रोल पंपावर उभं राहून पावात गुंडाळलेलं सॉसेज खाल्लं, वर तळलेला कांदा. 45 क्रोनर. रुपयात हिशेब केला आणि उरलेला कांदाही बोटाने पुसून खाल्ला. मी वसईचा. आमच्या शेजारच्या कॅथलिक घरात गुड फ्रायडेला मांस शिजत नाही, आवाजही हळू असतो. इथे लुथरन मंडळी, त्यांचं गणित वेगळं. चर्चमध्ये जाणारे जातात, बाकीचे डोंगरातल्या केबिनमध्ये जाऊन खुनाच्या कथा वाचतात.

खोटं नाही. ‘पोस्केक्रिम’ म्हणतात त्याला, ईस्टरचे गुन्हे. 1923 साली ‘आफ्टनपोस्टन’ या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ‘रात्री बर्गनची गाडी लुटली’ असा मथळा छापून आला. ती होती एका कादंबरीची जाहिरात, पण लोकांना बातमीच वाटली. तेव्हापासून ईस्टर आला की पुस्तकाच्या दुकानात, टीव्हीवर, रेडिओवर खूनच खून. फ्रिजमधल्या दुधाच्या खोक्यावरसुद्धा एक चित्रकथा होती. फोनने भाषांतर करत करत मी ती चहाबरोबर वाचली.

शनिवारी बहिणीच्या मैत्रिणीच्या केबिनवर गेलो, क्वालोया बेटावर. गुडघाभर बर्फ. मला वाटलं आता गप्पा, पत्ते, जेवणावळ. छे! लाकडी भिंतीला पाठ लावून, खाली रेनडिअरचं कातडं घालून, सातजण एका ओळीत बसले. डोळे मिटलेले, तोंडं सूर्याकडे. उन्हातली मांजरं जशी. आपल्याकडे एप्रिलात सावली शोधतो, म्हणून आधी हसूच आलं. मग बहीण म्हणाली, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवतच नाही. मी गुपचूप माझीही टोपी वर सरकवली.

यजमानांच्या आजींनी पुढे केलं ते अर्धं संत्रं आणि ‘क्विक लुंश’ची एक पट्टी. हे चॉकलेट 1937 पासून निघतं, आणि डोंगरात ईस्टरला संत्र्याबरोबर तेच खायचं, असा जणू नियम. साल सोलताना वास आला तो थेट नागपूरचा. मी आजींना नागपूरबद्दल सांगायला लागलो. त्या हसून मान हलवत होत्या, पण बोट पुस्तकातल्या पानावर तसंच.

बहिणीने कोपराने ढोसलं. “दादा, जरा गप्प बस ना. त्यांना अजून खुनी सापडायचाय.”