"मी नाही हसलो"

"मना नाय समजला," गणिताच्या तासाला चौथीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला आणि वर्ग खिदळला. मागून लगेच नक्कल, "मना नाय, मना नाय!" तो खाली बसला, खोडरबर नखाने कुरतडत राहिला.

मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसणारा माझ्याकडे आला. "टीचर, मी नाही हसलो."
"मग काय केलंस?"
"काहीच नाही."

ते 'काहीच नाही' घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. मीही नुसतं "शांत बसा" म्हणून पुढे गेले होते.

आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर १९७० नंतर सिडको या सरकारी कंपनीने नवी मुंबईतलं हे वाशी, नेरूळ उभं केलं. त्यांच्याच लेकराला इथे आपल्या आगरी बोलीत बोलायची लाज वाटावी?

उद्या शेजारच्याला एवढंच म्हणायला शिकवायचंय, "थांब रे, त्याला विचारू दे." आधी मी म्हणेन.