पहाटेची बस

लातूरकडचा माणूस प्रवासाला निघाला, की आधी पाणी भरून घेतो आणि मग कपड्यांचा विचार करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी प्यायले, त्यांच्या हाडांत ही सवय मुरलेली आहे. त्यामुळे पाठीवर सॅक टाकून श्रीलंका हिंडायला निघालेल्या माझ्या मित्राच्या सामानात दोन शर्ट आणि पाच बाटल्या होत्या, आणि आम्ही चाललो होतो सिंहराजाच्या अरण्यात, जिथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे सातशेच्या आसपास झाला तरी लोक यंदा बरा झाला म्हणतात. मित्र माळकरी असल्यामुळे गावभर त्याला माउली म्हणतात, आणि मीही तसेच म्हणतो.

पहिला दगा भाकरीने दिला. घरून ज्वारीच्या कडक भाकरी बांधून दिल्या होत्या, ज्या आमच्या हवेत पंधरा-पंधरा दिवस पापडासारख्या वाजतात. तिथे दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज गेला, तिसऱ्या दिवशी त्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाकू लागल्या आणि चौथ्या दिवशी त्यांच्यावर मऊ, हिरवट लव आली. माउलीने ती भाकरी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "आरं, हिच्यावर पीक आलंय की!" कपड्यांची गोष्ट वेगळी नव्हती. धुतलेला पंचा चार दिवस दोरीवर होता, तरी वाळायचे नाव घेईना, शेवटी तो ओलाच सॅकमध्ये कोंबला आणि मग आमच्या साऱ्या सामानाला त्याचाच वास येऊ लागला.

जळवांबद्दल फार सांगत नाही. एखादा माणूस जळूसारखा चिकटतो, असे आम्ही आयुष्यभर म्हणत आलो, पण जळू कधी पाहिली नव्हती. तिथे एका सकाळी माउलीच्या पोटरीवर सात मोजल्या आणि त्यानंतर ती उपमा आम्ही जपून वापरू लागलो.

खरी फसगत केली ती भाषेने, आणि तीही परकी वाटली म्हणून नव्हे. सिंहली ही मराठीसारखीच आर्य कुळातली भाषा आहे, ही माहिती माउलीने निघण्यापूर्वी कुठेतरी वाचली होती आणि तेवढ्या भांडवलावर तो तिथे अर्थ लावत सुटला होता. दहाला तिथे दहय म्हणतात, गावाला गम म्हणतात. आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या बाईंना शेजारचा मुलगा अक्का म्हणत होता. थोरल्या बहिणीला अक्का म्हणण्याची पद्धत कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या गावांतही आहे, त्यामुळे माउलीनेही तशीच हाक मारली आणि बाई प्रसन्न हसल्या. त्या हसण्याने आमचे नुकसान केले, कारण आता आपल्याला ही भाषा येते, अशी आमची खात्री पटली.

त्यातून अक्का उठता-बसता "हरि, हरि" म्हणत. चहा आणू का विचारले तर हरि, सामान इथे ठेवले तर हरि, पैसे दिले तरी हरि हरि. माउलीचे डोळे भरून आले. समुद्रापार येऊन नामस्मरण चालणारे घर मिळाले, हे त्याने गावी फोन करूनही सांगितले. 'हरि' म्हणजे 'ठीक आहे, बरोबर' एवढाच तिथे अर्थ होतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळले होते, पण इतक्या समाधानात असलेल्या माणसाला ते सांगणे मला जमले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गॉलकडे जाणारी बस कधी आहे, हे विचारायला आम्ही रस्त्यावरच्या टपरीत गेलो. टपरीवाल्याने रस्त्याकडे बोट केले आणि म्हणाला, "पहट." माउलीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. पहाटे! यात विचारण्यासारखे काय उरले? श्रीलंकेचे घड्याळ आणि आपले घड्याळ एकच, त्यामुळे तोही घोळ नव्हता. आम्ही परत येऊन अक्कांच्या ओसरीवर निवांत चहा घेतला. पाचच्या सुमारास एक लाल बस हॉर्न वाजवत समोरून गेली, आणि आत बसलेल्या एका लहान मुलाने हात हलवला म्हणून माउलीनेही प्रेमाने हात हलवला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला उठून, पावसात, मोबाइलच्या उजेडात, जळवा चिकटू नयेत म्हणून पायांना साबण चोळून आम्ही रस्त्यावर येऊन बसलो. चार वाजले, पाच वाजले, उजाडले. टपरीवाल्याने फळी उघडली आणि आमच्याकडे असे पाहिले, की जणू आम्ही रात्रीतून उगवलो होतो. त्याने पंजा पसरून पाच बोटे दाखवली आणि सावकाश म्हणाला, "पह." मग पुन्हा, "पहट." पह म्हणजे पाच, आणि पहट म्हणजे पाच वाजता. संध्याकाळी. ज्या बसला काल माउलीने हात हलवून निरोप दिला होता, तीच आमची बस होती.

सामान घेऊन आम्ही पुन्हा अक्कांच्या दारात आलो, तेव्हा त्या स्वयंपाकघरात लूनुमिरिस वाटत होत्या. हे लूनुमिरिस म्हणजे कांदा, मिरची, मीठ आणि लिंबू यांचा ठेचा. माउली तीन दिवस तो शेवयांच्या चकत्यांबरोबर वाटी-वाटीने खात होता आणि "आपला ठेचा तो हाच" म्हणून वाखाणत होता. पहिल्याच दिवशी त्याने माशांच्या कालवणाकडे हात करून मान हलवली होती, तेव्हा अक्कांनी "हरि, हरि" म्हणत ते भांडे उचलून नेले होते, त्यामुळे उरलेल्या ताटावर त्याचा पूर्ण विश्वास होता. आता अक्का उखळात एक काळपट, बाभळीच्या ढलपीसारखा टणक तुकडा कुटत होत्या. माउलीने तो हातात घेतला, नखाने खरवडला, हुंगला आणि सांधेदुखीवरचे एखादे काष्ठ असावे, गावी आईसाठी पाव किलो न्यावे, असा विचार बोलून दाखवला. नाव विचारले, तर अक्का म्हणाल्या, "उंबलकड."

मी मोबाइलवर शोधले. उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा होईपर्यंत वाळवलेला मालदीवचा मासा. या वेळी मात्र मला गप्प बसता आले नाही, कारण प्रश्न पाव किलोचा होता.

माउलीचा हात आधी गळ्यातल्या माळेकडे गेला. मग तो पाटावर बसला, समोरच्या वाटीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि डोळे मिटून खोल आवाजात म्हणाला, "हरि, हरि."

अक्कांचा चेहरा खुलला, आणि त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक मोठा चमचा वाढला.