मॅडम, लिनक्सवर प्रिंटर चालतो का हो?

कळव्यात माझा आठवी ते दहावीचा क्लास आहे. चार जुने पीसी, चारही लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर, कारण त्यांच्यावर विंडोज ११ बसतच नाही आणि नवीन घ्यायचे तर फी वाढवावी लागेल. पालक फी भरायला येतात, स्क्रीनकडे जरा संशयाने बघतात आणि हमखास विचारतात, सगळं ठीक आहे पण मॅडम, ह्याच्यावर प्रिंटर चालतो का? परवा खालच्या मजल्यावरच्या काकांनी पण विचारलं. तर सगळ्यांनीच विचारलंय म्हणून एकदाच नीट लिहिते.

चालतो. फक्त चालणार की रडवणार हे घरी आणल्यावर नाही ठरत, दुकानातच ठरलेलं असतं.

माझा पहिला लेझर प्रिंटर सेकंडहँड, स्टेशनजवळच्या दुकानातून, स्वस्तात मिळाला म्हणून उचलला. स्वस्त का ते नंतर कळलं. ह्या जातीच्या प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं, पानावर कुठे ठिपका द्यायचा तो सगळा विचार कॉम्प्युटरने करायचा आणि ते ठिपके पाठवायची भाषा कंपनीची खासगी. त्यात माझा तर असा की बंद केला की स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्रॅमसुद्धा विसरायचा, दरवेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते परत पाठवायचं, म्हणजे लाइट गेली की बाळ पुन्हा पहिलीत! एकदा दुसऱ्याच एका प्रिंटरला मी घाईत चुकीचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधला दुभाषा, निवडला, तर प्रत्येक पानावर वरती एकदोन ओळी पर्सेंट, उद्गारचिन्ह, पीएस असलं काहीतरी आणि खाली कोरं. म्हणजे कॉम्प्युटर पोस्टस्क्रिप्ट नावाची छपाईची भाषा बोलत होता आणि प्रिंटरला ती भाषा येत नव्हती, म्हणून जे ऐकू आलं ते तसंच उतरवून काढलं. मुलांना महिनाभर रफ कागद पुरला.

म्हणून आता मी एकच सांगते, खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय का बघा. हसू नका, आयफोन नसला तरी बघा. अ‍ॅपलने २०१० मध्ये आयफोनवरून थेट छापायला ते आणलं, त्याच्या पोटात आयपीपी नावाची सगळ्यांना खुली असलेली भाषा आहे, आणि एअरप्रिंटवाला प्रिंटर लिनक्सला ड्रायव्हर न टाकता कळतो. वायफायला जोडला की दोन मिनिटांत यादीत नाव दिसतं. लिनक्समध्ये छपाईचं सगळं बघतं ते कप्स, १९९९ पासून आहे, आणि मॅकमध्येही तेच आहे, त्यामुळे मॅकवाल्यांनी आपल्याकडे बघून नाक मुरडायचं काही कारण नाही.

आता चालणारा प्रिंटर अचानक बंद पडतो तेव्हाचं. गेल्या जुलैत घटक चाचणीच्या आदल्या रात्री लाइट गेली, तासाभराने आली, आणि प्रिंटर गप्प. मी काय केलं, कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढून परत टाकला का, तर नाही, तेवढं सोडून बाकी सगळं केलं, केबल हलवली, अपडेट मारले, तीनदा रीस्टार्ट केलं, आणि दरवेळी प्रिंट दाबत राहिले. शेवटी सुचलं की प्रिंटरलाच विचारावं. बहुतेक प्रिंटरमध्ये बटण दाबून किंवा मेनूत जाऊन स्वतःच्या सेटिंगचं पान काढता येतं. ते काढलं तर त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, शेवटी ७, आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेला ४! लाइट आल्यावर राउटरने पत्ते नव्याने वाटले होते आणि पीसी बिचारा जुन्या घराचं दार वाजवत बसला होता. आता राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवलाय.

कॉम्प्युटरमध्ये पत्ता बदलला तरी छापेना, कारण एवढ्या वेळा फेल झाल्यावर कप्सने छपाईच्या कामांची रांगच थांबवून ठेवली होती. हे फार लोकांचं होतं, प्रिंटर ठणठणीत असतो आणि रांग पॉज असते. ब्राउझरच्या पट्टीत लोकलहोस्ट, कोलन, ६३१ (localhost:631) टाका, प्रिंटर्समध्ये जा, पॉज दिसलं तर रिझ्यूम करा. पण त्याआधी अडकलेले जॉब, म्हणजे रांगेतली छपाईची कामं, कॅन्सल करा. मी नाही केले, आणि दहावी भूमितीचा पेपर जितक्या वेळा दाबला होता तितक्या वेळा आला, पाठोपाठ, ट्रे रिकामा होईपर्यंत.

कागद आहे तरी दिवा लुकलुकतोय आणि प्रिंटर कागद मागतोय, असं झालं तर पेपर साइज बघा. इन्स्टॉल करताना इंग्लिश अमेरिका निवडलेलं असतं, मग तो लेटर साइज मागत बसतो, आपल्याकडे ए४. आणि पावसाळ्यात उघडी रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, इथल्या दमटपणात पानं चिकटतात, दोन दोन एकदम आत जातात आणि जाम होतं, त्यात लिनक्सचा काही दोष नाही.

जामवरून आठवलं, १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, तो अडकला की सगळ्यांना मेसेज जावा असा बदल तिथल्या प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमनला प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये करायचा होता, जुन्या प्रिंटरला त्याने तसा केला होता, पण ह्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कोणी देईना. तो राग त्याच्या डोक्यात राहिला आणि १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, कोणीही उघडून बदलू शकेल अशी सिस्टिम बनवायचा, आणि लिनक्समध्ये त्याचेच भाग आहेत. म्हणजे आपण वापरतो त्या सिस्टिमच्या मुळाशी प्रिंटरचीच कटकट आहे, आणि लोक मलाच विचारतात प्रिंटर चालतो का.

काका, तुम्ही दाखवलेला तो ऑफरमधला प्रिंटर, त्याच्या खोक्याचा चारही बाजूंनी फोटो काढून पाठवा. मी बघून सांगेपर्यंत पैसे देऊ नका.