तुम्ही विचारलंत म्हणून: खरे इस्राएली कोण?

मी कोकणातली ज्यू, बेने इस्राएल, हे कळलं की लोक आधी माझ्या मराठीचं नवल करतात आणि मग हा प्रश्न येतो: "अमेरिकेतले काही काळे लोक म्हणतात, बायबलमधले खरे इस्राएली तेच. इस्राएलमध्येही त्यांची वस्ती आहे म्हणे. तुम्हाला काय वाटतं, खरं आहे का ते?" २०२२ मध्ये कायरी अर्व्हिंग या बास्केटबॉलपटूने हाच दावा करणाऱ्या आणि ज्यूंबद्दल खोटंनाटं सांगणाऱ्या एका माहितीपटाची लिंक शेअर केली, त्याच्या संघाने त्याला निलंबित केलं. तेव्हापासून तर लग्नाच्या पंगतीतही मला हे विचारलं गेलंय.

इतिहास म्हणून उत्तर लहान आहे. अटलांटिक समुद्रापलीकडे नेलेले गुलाम प्राचीन इस्राएलच्या बारा वंशांपैकी होते, याला आधार मिळत नाही. साधारण सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली, बहुतेक सेनेगलपासून अंगोलापर्यंतच्या पट्ट्यातली. ती कोण होती हे आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे: योरुबा, इग्बो, कोंगो, मांडिंका. त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे. त्यांतले कितीतरी मुसलमान होते. मला तो दावा पटत नाही, आणि हे मी तो करणाऱ्या माणसासमोर बसूनही सांगितलं आहे.

पण तेवढंच सांगून मी गप्प बसले तर ते उत्तर अपुरं राहतं. कारण "तुम्ही खरे का?" हा प्रश्न आमच्याही दारात येऊन गेलेला आहे.

माझी मावशी ठाण्याहून लग्नाआधी इस्राएलला गेली आणि पुढे दिमोनाला स्थायिक झाली. दिमोना हे नेगेवच्या वाळवंटातलं गाव, १९५५ मध्ये वसवलेलं. मोरोक्कोतून आलेले ज्यू तिथे पुष्कळ, आणि आपले बेने इस्राएलही इतके की लोक त्याला छोटा भारत म्हणतात. मावशीचं लग्न ठरलं ते बगदादी ज्यू घराण्यातल्या मुलाशी, १९६२ च्या सुमारास. नेमक्या त्याच काळात मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने एक आदेश काढला होता. बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावायचं असेल तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, कुठे परधर्मीय रक्त मिसळलंय का ते बघावं. मावशीला तिच्या आजीच्या आजीचं नाव विचारलं गेलं. वीस वर्षांची मुलगी. तिला पेणची आजी आठवत होती, आजीची आई रेवदंड्याची होती एवढं ऐकून माहीत होतं. त्यापुढे तिला काही सांगता आलं नाही. "मला वाटलं, मी चोरी करताना सापडले," असं ती मला म्हणाली होती.

१९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. मुलाबाळांसकट बसली. ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन झालं, बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत असा ठराव झाला, आणि रब्बींना आदेशातून आमचं नाव काढावं लागलं. मग मावशीचं लग्न लागलं.

आता दिमोनातली दुसरी वस्ती. मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आफ्रिकन हिब्रू इस्राएलींची, म्हणजे तोच दावा करत अमेरिकेतून आलेल्या काळ्या लोकांची, शांतीची वाडी आहे. शिकागोतल्या बेन कार्टर नावाच्या तरुणाला १९६६ मध्ये गाब्रिएल देवदूताचं दर्शन झालं, असं ते सांगतात. त्याने बेन अम्मी हे नाव घेतलं, म्हणजे 'माझ्या लोकांचा पुत्र'. १९६७ मध्ये तो साडेतीनशेच्या आसपास माणसं घेऊन आधी लायबेरियात गेला, आणि १९६९ पासून ती माणसं दिमोनात येऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये सांगितलं की हे ज्यू नव्हेत. कामाचा परवाना नाही, नागरिकत्व नाही, हद्दपारीची टांगती तलवार. कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळाला तो २००३ मध्ये. मधल्या काळात त्याच वाडीत वाढलेला एडी बटलर युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मंचावर इस्राएलच्या वतीने गात होता, १९९९ मध्ये. देशासाठी गाणं चालतं, पण कागद मिळत नाहीत, ही गोष्ट मावशीला फार लागायची. २०२१ मध्येही तिथल्या काही कुटुंबांना देश सोडायच्या नोटिसा गेल्या.

२०११ मध्ये मी मावशीकडे राहिले होते. वाडीतले एक वृद्ध गृहस्थ, शिकागोहून आलेले, तिच्याकडे अधूनमधून यायचे. पांढरी दाढी, अंगरख्याच्या कडेला झालर आणि झालरीत तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतल्या, आज्ञेप्रमाणे निळा दोरा. त्यांच्याशी माझा वाद झाला तो तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायावरून. या श्रद्धेचा सगळा भार त्या अध्यायावर आहे. आज्ञा मोडल्या तर काय काय शाप लागतील ते तिथे सांगितलंय, आणि शेवटचं, अडुसष्टावं वचन असं: परमेश्वर तुला जहाजांतून मिसर (इजिप्त) देशी परत नेईल, तिथे तुम्ही दास-दासी म्हणून शत्रूंना विकायला उभे राहाल, आणि कोणी घेणार नाही.

"जहाजं," ते म्हणाले. "मिसरला जायला जहाज कशाला लागतं? मोशे तर मिसरच्या दास्यातून लोकांना पायीच घेऊन आला."

मी म्हटलं, मिसर म्हणजे मिसर. आणि इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम पाडलं तेव्हा सतरा वर्षांवरच्या कैद्यांना साखळदंड घालून मिसरच्या खाणींत पाठवलं, असं त्या काळच्या जोसेफस या ज्यू इतिहासकाराने लिहिलंय. शिवाय, "कोणी घेणार नाही" असं वचनात आहे. अमेरिकेत तर घेणाऱ्यांच्या रांगा होत्या.

त्यांनी ते आधीही ऐकलेलं होतं. 'मिसर' हेच तोरातलं 'दास्याचं घर', म्हणून जिथे दास्य तिथे मिसर. आणि 'घेणारा' म्हणजे सोडवून घेणारा; आम्हाला सोडवायला कोणी आलं नाही, असा तो अर्थ. मला हे ओढूनताणून काढलेलं वाटलं, आणि मी तसं म्हटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, पेणकर. पेण म्हणजे काय? गाव. आमच्यात सगळ्यांची अशीच: रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर. पूर्वज जिथे तेलाचा घाणा चालवत होते ते गाव आडनावात राहिलं. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे.

ते म्हणाले, "माझं जुनं आडनाव माझ्या पणजोबाच्या मालकाचं होतं."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं माझ्याबरोबर वागवते आहे. आमच्याकडेही जहाज आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज. पण आमचं जहाज फुटलं तरी किनाऱ्यावर आम्हाला गाव मिळालं, धंदा मिळाला, शनिवार पाळू दिला गेला. त्यांच्या जहाजातून उतरलेल्या माणसाचं नाव काढून घेतलं, भाषा काढून घेतली, नवऱ्याला बायकोपासून तोडून विकलं. मग हाती बायबल दिलं, आणि तेही पुरतं दिलं नाही: १८०७ मध्ये लंडनला खास वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी जी प्रत छापली, तिच्यातून निर्गमाची, मिसरमधून सुटकेची जवळजवळ सगळी कथाच गाळलेली होती. ज्या कथेला मालक इतका भ्यायला ती कथा गुलामाने आपली मानावी, यात मला काहीच नवल वाटत नाही. विल्यम सॉन्डर्स क्राउडी हा मेरीलँडमध्ये १८४७ मध्ये गुलामीत जन्मलेला माणूस. त्याने १८९६ मध्ये कॅन्ससमध्ये मंडळी स्थापन केली आणि तो आपल्या लोकांना सांगू लागला की तुम्ही इस्राएलची मुलं आहात. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वेंटवर्थ मॅथ्यू यांनी असंच एक सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभं केलं, तिथे शनिवार पाळला जाऊ लागला, हिब्रू शिकवली जाऊ लागली. ज्याच्याकडे पणजोबाचं नावही नाही त्याला अब्राहामाचं नाव मिळालं.

माझं स्वतःचं घर मात्र मी लपवणार नाही. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन तट होते. नाव रंगाचं, पण भेद वंशाचा: ज्यांची आई किंवा आजी बाहेरची मानली जाई ते काळे. त्यांच्यात मुलगी देत नसत, त्यांच्यातली करत नसत. माझी पेणची आजी हे सहज, भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. जे आम्ही कोकणात आपल्याच माणसांना विचारत होतो, तेच १९६२ मध्ये मावशीला विचारलं गेलं. आणि २०१६ मध्ये बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात काय निघालं? ज्यू आणि भारतीय, दोन्ही अंश भरपूर. दोन्ही मिसळले साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, आणि ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून आलेला. आमच्या कथेत दोन हजार वर्षं आहेत, अभ्यासातला काळ साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे त्या सात बायकांच्या जागी कोकणातल्याच बायका असाव्यात. गोऱ्यांच्याही. हे वाचून मला दुःख झालं नाही. त्या बायकांनी शनिवारचा दिवा लावायला शिकून घेतलं, तोच आजीच्या घरी लागत होता.

म्हणून वंश हा पुरावा मी कोणाकडे मागत नाही. इथिओपियाच्या बेटा इस्राएलांनाही १९८५ मध्ये, वाळवंट तुडवून आणि वाटेत माणसं गमावून आल्यावर, पुन्हा शुद्धीचं स्नान करा म्हणून सांगितलं गेलं. तेही आमच्यासारखेच जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले.

पण एका ठिकाणी मी अडते, आणि तिथे मी कठोर आहे. मराठीत आपल्याकडे दोन लहानशी अक्षरं आहेत, 'ही' आणि 'च'. 'आम्हीही इस्राएल' असं म्हणणाऱ्याला मी माझ्या ताटाशेजारी पाट मांडीन. 'आम्हीच इस्राएल' म्हटलं की बाकीचे आपोआप तोतये ठरतात. अमेरिकेतले काही गट नाक्यांवर उभे राहून बारा वंशांचा तक्ता दाखवतात: यहूदा म्हणजे काळे अमेरिकन, लेवी म्हणजे हैतीचे, गाद म्हणजे मूळचे अमेरिकन इंडियन. आणि आजचे ज्यू म्हणजे नाव चोरलेले सैतान. १० डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या जर्सी सिटीत एका कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाद्यनियमांप्रमाणे चालणाऱ्या, दुकानात शिरून दोघांनी गोळ्या झाडल्या. त्याआधी त्यांनी एका पोलिसाला ठार मारलं होतं, दुकानात आणखी तिघं मारले गेले. मारेकऱ्यांना या विचारांचं आकर्षण होतं. ते कोणत्या गटाचे सदस्य असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि बहुसंख्य हिब्रू इस्राएलींचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. पण 'तोतया' हा शब्द कुठवर जातो ते मला त्या दिवशी दिसलं. बेन अम्मीसुद्धा सुरुवातीला 'आम्हीच' म्हणत आले होते. पुढे दिमोनात शेजाऱ्यांबरोबर दिवस काढता काढता तो 'च' सैल होत गेला, त्यांच्या वाडीची मुलं २००४ पासून सैन्यात जाऊ लागली.

मग प्राचीन इस्राएली काळे होते का, असंही पुढे विचारतात. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात रब्बी इश्माएलचं एक वचन आहे. इस्राएलची मुलं बॉक्सवूडच्या लाकडासारखी, काळी नाहीत, गोरी नाहीत, मधली. 'काळा' आणि 'गोरा' हे आजचे खाने गुलामांच्या बाजारात पक्के झाले, तिथे मोशेला बसवता येत नाही. त्याची बायको मात्र कूशी होती, म्हणजे आफ्रिकेतली. तिच्यावरून मोशेच्या बहिणीने, मिर्यामने, कुरबुर केली आणि मिर्यामचीच कातडी कोडाने बर्फासारखी पांढरी झाली. आणि बायबलमधल्या गीतरत्न या काव्यातली ती मुलगी 'श्खोरा अनी वेनावा' म्हणते, त्याचं भाषांतर लोकांनी 'मी काळी पण सुंदर' असं करून ठेवलंय. हिब्रूतला 'वे' म्हणजे आधी 'आणि'. मी काळी आणि सुंदर. हा 'पण' तिच्या तोंडी घालणाऱ्यांचा मला राग येतो.

२०११ च्या त्याच मुक्कामात मावशीचा नातू सैन्यातून सुखरूप सुटून घरी आला आणि तिने एलियाहू हानवीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, खजूर, वर पाच प्रकारची फळं. ताटाभोवती आमची दहा-बारा माणसं. प्रार्थना संपता संपता ते शिकागोचे गृहस्थ आणि त्यांच्या वाडीतली मावशीची एक मैत्रीण आली. वाडीत कोणी मांस, मासे, अंडी, दूध काही खात नाही, म्हणून मावशीने हातात वाटी दिल्यावर त्या बाईंनी विचारलं, "यात दूध, तूप काही आहे?"

"नाही गं," मावशी मराठीतच म्हणाली, आणि मग हिब्रूत, "खोबरं आहे."

त्यांनी खाल्लं आणि वाटी परत पुढे केली. मावशीने त्यात अजून मलिदा घातला, वर दोन खजूर जास्तीचे.